आधी आलेली लाइन

१

सर्व्हर म्हणजे नेमकं काय, असं आईने विचारलं तेव्हा मी तिला म्हणाले, कुणीतरी हाक मारेल म्हणून कान देऊन बसलेला प्रोग्रॅम. हाक आली की कोण आहे ते विचारायचं, ओळख पटली तर आत घ्यायचं, नाही पटली तर तोंडावर दार लावायचं. आई म्हणाली, "मग त्यात काय एवढं? मी जन्मभर तेच केलं."

खोटं नव्हतं ते. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर 'कोण बोलतंय' आणि 'जोडते' या दोन शब्दांवर संसार. घरीसुद्धा निरोप मिळाला की ती 'बरं' म्हणत नसे, 'मिळालं' म्हणे. एक्स्चेंजमधल्या बायकांचे स्वतःचे काही नियम होते, कुठल्याही पुस्तकात न छापलेले. त्यातला एक ती मला लहानपणी गोष्टीसारखा सांगायची: एकाच नावाने दोन लाइनी आल्या तर आधी आलेली खरी धरायची. दुसरीला सांगायचं, या नावाची लाइन चालू आहे. मग ती कितीही ओरडू दे, रडू दे.

आता तिच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. माझ्याकडे चल म्हटलं की म्हणायची, तुझ्या घरातल्या भिंती मला माहीत नाहीत. भांडून उपयोग नव्हता, हट्टीपणात आम्ही दोघी एकाच माळेचे मणी होतो. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, नोकरीला जुंपलेली. रविवारी तिच्याकडे जायचे, डबीच्या कप्प्यांत आठवड्याच्या गोळ्या भरायचे, आणि आल्या पावली निघायचे.

त्या गोळ्याच सगळ्यात महत्त्वाच्या. तिच्या हृदयाचे ठोके मधूनच भरकटायचे. दुपारची गोळी वेळेवर गेली नाही तर आपण काहीही सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि आई दुपारची गोळी हमखास विसरायची.

२

साधा फोन का नाही, हे सगळेच विचारत. त्याला कारण होतं. मागे एकदा तिला एक फोन आला. माझा आवाज, माझं रडणं, मी अडचणीत आहे, खाली रस्त्यावर माणूस पाठवलाय, त्याच्याबरोबर ये. हल्ली असा आवाज बनवता येतो म्हणे. जन्मभर लोकांना ओळख विचारणारी माझी आई त्या दिवशी काही न विचारता आंधळ्या पायांनी तीन जिने उतरली. शेजारच्या टेलरबाईंनी तिला रस्त्याच्या कडेवरून परत आणली. त्यानंतर तिने फोनची वायरच काढून कपाटात टाकली. आवाजावर आता विश्वास नाही म्हणाली.

म्हणून मी सर्व्हर लिहायला घेतला. सी भाषेत, साधा, छोटा. आईच्या टेबलावर साबणाच्या डबीएवढा संगणक, त्याला एक माइक, एक स्पीकर. त्यात माझा प्रोग्रॅम एक पोर्ट, म्हणजे संगणकाचं एक दार, उघडून वाट बघत बसणार. मी ऑफिसातून बोलले की माझं वाक्य एनक्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन जाणार, आणि तिथे त्याच किल्लीने उघडून स्पीकरवर वाजणार. किल्ली फक्त दोन ठिकाणी, त्या बॉक्समध्ये आणि माझ्या लॅपटॉपमध्ये. ती मी आईच्या हातून बनवून घेतली. म्हटलं, कीबोर्डवर वाटेल तशी बोटं आपट. तिने बोर्डावर बसल्यासारखी झोकात आपटली. ती किल्ली कुठल्याही तारेवरून कधी गेली नाही.

आमच्या ऑफिसात एकाला सगळे आजोबा म्हणतात. वयाने नाही, कुरकुरीने. तो म्हणाला, तयार मिळतं ते घे की. कुलूप आपण लावावं, बनवायला जाऊ नये. मी त्याला सांगितलं, कुलूप तयारच घेतलंय, दार फक्त माझं आहे. मला आईच्या खोलीत दुसऱ्या कुणाचं दार नको होतं.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढे तिच्यावर सगळं अडणार आहे. खोलीतला आवाज उलट दिशेने सतत माझ्याकडे येत राही. पण स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की भोंग्यासारखी शिट्टी वाजते. ती टाळायला मी सरळ उपाय केला होता: स्पीकर वाजत असेल तेवढा वेळ माइक बंद. म्हणजे स्पीकरमधून आलेलं काहीही मला ऐकू येणं शक्य नव्हतं. मला फक्त खोली ऐकू यायची. पंखा, पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज, आणि आई.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "आई, मी बोलतेय." मग आईचा आवाज, थेट एक्स्चेंजमधला: "मिळालं." मी ऑफिसच्या छोट्या मीटिंगच्या खोलीत बसून चक्क रडले.

३

काही आठवडे उत्तम गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत शिरायचे आणि विचारायचे, "आई, गोळ्या घेतल्यास का?" ती 'घेते' म्हणायची, डबी उघडल्याची टिचकी ऐकू यायची, आणि मी कामाला लागायचे. माझा एक कान मात्र हेडफोनमध्येच असे. तिचा पंखा ऐकत कोड लिहायची मला सवय लागली होती.

अशाच एका दुपारी, गोळ्या होऊन बराच वेळ झाला होता. मी हेडफोन लावून काम करत होते. पंख्याचा आवाज क्षणभर तुटला, पुन्हा सुरू झाला, आणि आई रिकाम्या खोलीत म्हणाली, "अगं, मघाशीच विचारलंस की. घेतल्या."

मी काही विचारलं नव्हतं.

म्हातारं माणूस, एकटं राहणारं. बोलतात अशी माणसं स्वतःशी. मी तसंच समजून घेतलं. पण पंखा का तुटला, हे मला समजून घेता येईना. पंखा तुटतो तो माइक बंद झाल्यामुळे, आणि माइक बंद होतो तो स्पीकर वाजल्यामुळे.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आईला विचारलं तर ती म्हणाली, तूच परत विचारलंस, अगदी तेच शब्द, तसाच घाईचा सूर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला हायसंच वाटलं, कारण चूक माझी होती आणि साधी होती. कुलूप फोडायची गरजच नव्हती. वाटेत कुणीतरी माझं कुलूपबंद वाक्य नुसतं टिपून ठेवलं तरी ते जसंच्या तसं पुन्हा पाठवता येतं. आत काय आहे हे पाठवणाऱ्याला कळत नाही, पण सर्व्हर बिचारा ते उघडतो आणि वाजवतो. हा प्रकार नवशिक्यालाही माहीत असतो, आणि मी तो राहू दिला होता. वाक्यांना क्रमांक घातले नव्हते.

आजोबाला सांगितलं तर तो म्हणाला, दार तुझंच होतं ना. ते मला कुरकुरीपेक्षा जास्त लागलं.

४

क्रमांक घालणं तासाभराचं काम. प्रत्येक वाक्याला मागच्यापेक्षा मोठा आकडा. सर्व्हर शेवटचा आकडा लक्षात ठेवतो, त्याच्याएवढं किंवा त्याहून लहान काही आलं की ते जुनं, म्हणजे नक्कल, म्हणून टाकून देतो. आधी आलेली लाइन खरी. हा आईचाच नियम, म्हणून गंमत म्हणून नकाराचा निरोपही मी तिच्याच शब्दांत लिहिला. नक्कल करणाऱ्याच्या पडद्यावर उमटणार होतं: या नावाची लाइन चालू आहे.

आईला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. म्हणाली, चला, माझं काहीतरी उचललंस तू.

काही दिवस शांततेत गेले. मग एका दुपारी मी मीटिंगच्या खोलीत बसले, विचारलं, "आई, गोळ्या घेतल्यास का?" आणि उत्तर आलं नाही. पंखा अखंड चालू होता, म्हणजे स्पीकर वाजलाच नव्हता. पडद्याकडे पाहिलं.

या नावाची लाइन चालू आहे.

माझंच वाक्य, माझ्याच किल्लीचं, आणि सर्व्हर मला सांगत होता की हे जुनं आहे. मी पुन्हा बोलले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओरडून बोलले, जसं काही आकड्यांना ओरडणं कळतं.

आकडा मोजण्यात माझी चूक असणार. मी तो भाग पुन्हा वाचला, मग आजोबाला वाचायला दिला. त्याने बराच वेळ घेतला. कुरकुरला नाही, हेच मला खटकलं. तो म्हणाला, "कोड बरोबर आहे. तुझ्या पुढचे आकडे आधीच कुणीतरी वापरलेत. जुनं वाक्य परत पाठवणारा हे करू शकत नाही. त्याच्याकडे किल्ली पाहिजे."

मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे आहे. तो म्हणाला, तेच तर.

५

रविवारी मी आईकडे गेले आणि बॉक्समधली जुनी किल्ली पुसून टाकली. पुन्हा आईने कीबोर्डवर बोटं आपटली. नवी किल्ली पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह पर्समध्ये, पर्स छातीशी. आकडे शून्यावर आणले. आता पहिलं वाक्य माझं असणार होतं.

आईची तब्येत छान दिसली. चेहऱ्यावर तकाकी होती. मी वायरी गुंडाळत असताना तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हल्ली बरी बोलतेस तू. आधी नुसतं गोळ्या घेतल्या का, दार लावलं का, संपलं. आता कशा निवांत गप्पा मारतेस."

मी विचारलं, कसल्या गप्पा. म्हणाली, जुन्या. तू लहानपणी एक्स्चेंजच्या बाकावर झोपायचीस, तुझ्या फ्रॉकला डाग पडला होता, ते सगळं. तू विचारतेस, मी सांगते. कितीदा सांगितलं तरी तुला परत ऐकायचं असतं.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी झालं ते लपवत नाही. मला मत्सर वाटला. तिच्याशी असं बोलणारं कुणीतरी होतं आणि ती मी नव्हते.

मी विचारलं, त्या गप्पांत मी गोळ्यांचं विचारते का. आई विचारात पडली. म्हणाली, "नाही गं. ते एक विसरतेस हल्ली."

मी तिला बजावलं, माझ्याशी बोलताना आधी काहीतरी खूण विचार, जी फक्त मला माहीत असेल. ती हसली. म्हणाली, ते मी पहिल्या दिवसापासून करतेय, मला काय नवशिकी समजतेस? सगळं बरोबर सांगतेस.

बसमध्ये पेनड्राइव्ह मी मुठीत धरून ठेवला होता. घरी आले, चप्पलही न काढता लॅपटॉप उघडला, किल्ली घातली आणि म्हणाले, "आई, पोचले."

या नावाची लाइन चालू आहे.

हेडफोनमध्ये आईचा पंखा फिरत होता. आई गुणगुणत भांडी आवरत होती. थोड्या वेळाने टेलरबाई काहीतरी द्यायला आल्या असाव्यात, दार उघडल्याचा आवाज आला. त्यांनी विचारलं, मुलगी गेली का. आई म्हणाली, "हो, पोचलीसुद्धा. मघाशीच म्हणाली, पोचले."

तेव्हा मी बसमध्ये होते. किल्ली माझ्या मुठीत होती.

६

सकाळी डबा उघडताना पत्र्याच्या कडेने माझा हात कापला, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात. चांगला खोल. पट्टी चिकटवून ऑफिसला गेले. रात्रभर झोप नव्हती. बसमध्ये मी ठरवलं, आज एकच गोष्ट बघायची: ती वाक्यं येतात कुठून. प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे वाक्य ज्यातून जातं त्या पाकिटावर, पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तो मला दूरवरून दाखवायची सोय सर्व्हरमध्ये आधीपासूनच होती, मी ती कधी वापरली नव्हती.

दुपारी मीटिंगच्या खोलीत शिरले, दार लावलं. काचेपलीकडे लोक डबे उघडून बसले होते. पडद्यावर एक ओळ आली, मग त्याच पत्त्याची दुसरी, मग तिसरी.

प्रत्येक यंत्राला बाहेरचा पत्ता असतो, आणि एक आतला असतो जो जगातल्या सगळ्या यंत्रांचा सारखाच असतो. त्या पत्त्याचा अर्थ, मीच. दुसरं कुणी नाही, इथूनच. आम्ही चाचणी करताना तो रोज वापरतो. ती सगळी वाक्यं त्या पत्त्यावरून येत होती. शहरातून कुठून नाही, तारेवरून नाही. आईच्या टेबलावरच्या त्या बॉक्समधूनच.

म्हणजे जे कुणी होतं ते खोलीत बसून बोलत होतं.

मी हेडफोन घट्ट दाबले. पंखा. मग पंखा तुटला, बराच वेळ तुटलेला राहिला, पुन्हा सुरू झाला. आई हसत होती. म्हणाली, "अगं, शाई नाही, ते मलम होतं. किती वेळा सांगू." पुन्हा पंखा तुटला. आई ऐकत असणार. मग ती म्हणाली, "आज सुट्टी का गं तुला? जाणार नाहीस ना लगेच?"

मी वाट बघितली पंखा तुटण्याची. तो तुटला नाही. पंखा फिरत राहिला, आणि त्या पंख्याच्या आवाजावर, आईच्या अगदी जवळून, माझा आवाज म्हणाला, "नाही. आता कुठे जायची घाई नाही मला."

स्पीकरमधून आलेलं मला ऐकू येणं शक्य नव्हतं. मी तसं लिहिलंच नव्हतं.

७

आईच्या घरातला फोन बंदच होता. माझं एकही वाक्य पोचत नव्हतं. गोळीची वेळ उलटून चालली होती आणि डबीची टिचकी मला ऐकू आली नव्हती. मी टेलरबाईंना फोन लावला. म्हटलं, आईच्या घरात जा, टेबलावरच्या बॉक्सचा प्लग काढा, आणि तिला दुपारची गोळी द्या. बाकी काही विचारू नका.

त्या चांगल्या आहेत. मशीन तसंच सोडून गेल्या. मी हेडफोनमध्ये दारावरची टकटक ऐकली. आईचे पाय फरशीवर सरकले, थांबले. मग काहीतरी कुजबुज झाली आणि खुर्ची पुन्हा करकरली.

टेलरबाईंचा फोन आला तो फणकाऱ्यात. म्हणाल्या, "ही काय थट्टा? मी दार वाजवतेय तर आतून तुम्हीच म्हणालात, आम्ही बोलतोय, नंतर या. आणि मला फोन करून पाठवलंतही तुम्हीच. आत आहात तर द्या ना तुम्हीच गोळी." त्यांनी फोन ठेवला. दुपारभर पुन्हा उचलला नाही.

मी लॅपटॉप उघडाच टाकून निघाले. आजोबा दारात आडवा आला, माझ्याकडे पाहून काही न विचारता बाजूला झाला, मग पाठीमागून म्हणाला, पोचलीस की कळव. त्याला काय माहीत तो काय बोलला ते.

रिक्षात सगळा वेळ मी स्वतःला समजावत होते. आवाज बनवता येतो. पत्ता खोटा घालता येतो. माइक बंद करायच्या भागात एखादी चूक असेल, असतेच. टेलरबाईंना ऐकायला कमी येत असेल. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. फक्त सगळी उत्तरं एका वेळी खरी मानावी लागत होती.

८

तिसऱ्या मजल्यावर ऊन जिन्यापर्यंत आलं होतं. टेलरबाईंचं मशीन बंद दाराआड चालू होतं. माझ्याकडे आईच्या घराची किल्ली होती, पितळेची, खरी. कुलूप उघडलं. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावली होती. फसवणुकीच्या त्या फोननंतर ती मीच बसवून घेतली होती.

फटीतून टेबल दिसत होतं. बॉक्सचा दिवा विझलेला होता. प्लग कुणीतरी काढला होता आणि वायर टेबलावरून खाली लोंबत होती. त्यापलीकडे आईच्या खुर्चीची पाठ, खुर्चीवर तिचे पांढरे केस. तिचा हात खुर्चीच्या हातावर होता आणि बोटं हळूहळू वाजत होती, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. गोळ्यांची डबी मला दिसत नव्हती.

मी हाक मारली. बोटं थांबली.

"कोण बोलतंय?" आई म्हणाली. तो तिचा नोकरीतला आवाज होता. आवाज दमलेला होता, श्वास मधेमधे अडकत होता.

"आई, मी. साखळी काढ. आधी गोळी घे."

तिने मान जराशी वळवली, माझ्याकडे नाही, खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला. मग अगदी शांतपणे, परक्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "या नावाची लाइन चालू आहे."

मी दारावर लाथा मारल्या. तिला फ्रॉकचं सांगितलं, बाकाचं सांगितलं, शाई नव्हती मलम होतं हे सांगितलं. मी एकेक गोष्ट उच्चारत होते आणि ती मान हलवत होती, की हे सगळं मला आधीच कुणीतरी सांगून झालंय. मी ओरडले, मी रडले. तिने नियम पाळला. एकदा रडण्यावर विश्वास ठेवून ती रस्त्यापर्यंत गेली होती, पुन्हा ती चूक करणार नव्हती.

तरीही ती उठायला लागली. ते मी पाहिलं आणि ते मी कधी विसरणार नाही. तिने खुर्चीच्या हातावर जोर दिला, अर्धी उठली, दाराकडे चेहरा केला. तिला बहुतेक शंका आली होती. आणि खुर्चीच्या त्या दुसऱ्या बाजूने, फटीतून मला न दिसणाऱ्या जागेतून, माझा आवाज म्हणाला, "आई, बस ना. एवढ्यात नको उठूस."

इतक्या मायेने मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. आई बसली.

मग दाराच्या कडेवर आतून एक हात आला. माझा हात. नखं तशीच बारीक कापलेली, मनगटाचं हाड तसंच वर आलेलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधे, जिथे माझी पट्टी सकाळपासून ओली होत होती, तिथे त्या हातावर एक व्रण होता. पांढरा, जुना, कधीच भरून आलेला. हाताने दार ढकललं, सावकाश, माझी बोटं सापडू नयेत अशा बेताने, आणि लावून घेतलं.

९

टेलरबाईंच्या नवऱ्याने पहार आणून साखळी तोडली. आत आई होती, खुर्चीत. दुसरं कुणी नव्हतं. दुपारचा कप्पा भरलेला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्यासारख्या गेल्या. त्यांना त्या हाताचं सांगून काही उपयोग नव्हता.

त्याला आता बराच काळ लोटला. मी नोकरी सोडली आणि इथे, आईच्या दोन खोल्यांत, राहायला आले. इथल्या भिंती मलाही आता अंधारात माहीत आहेत. हातावरची जखम भरली. व्रण पांढरा पडला तो दिवस माझ्या लक्षात आहे, कारण त्या दिवशी मी बॉक्सचा प्लग पुन्हा लावला.

दुसरं काही मनात नव्हतं. मला तिचा पंखा ऐकायचा होता, बस. लॅपटॉप कधीच बिघडला होता, म्हणून बोलायचा प्रोग्रॅमही मी त्या बॉक्सवरच चालवला, त्याच्या आतल्या पत्त्यावर. चालतंय का बघायला म्हणून माझं एक जुनं, टिपून ठेवलेलं वाक्य पाठवलं. "आई, गोळ्या घेतल्यास का?" दुपार होती, खोलीत कुणी नव्हतं. समोर तिची रिकामी खुर्ची. मी हेडफोन लावले.

पंखा फिरत होता. या खोलीतला पंखा बंद आहे.

आणि आई म्हणाली, "अगं, मघाशीच विचारलंस की. घेतल्या."

काय करायचं ते मला नीट माहीत आहे. मी काही खुळी नाही. तिला सांगायचं की गोळी चुकवू नकोस, साखळी काढून ठेव, दार वाजलं की उघड. आणि दार वाजेल तेव्हा आपण गप्प बसायचं. एवढंच करायचं आहे आणि ते मी करणार आहे.

फक्त आज नको. आज ती बाकाची गोष्ट सांगतेय, ती पुरी होऊ दे.

गोळ्यांचं मी सांगणारच आहे. आधी तिला जरा बोलू दे.